दहावीचा सांख्यिकीचा धडा: आसपासची खरी उदाहरणे सुचवा

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यातल्या एका गावात नववी-दहावीला गणित शिकवते. बीजगणितातला सांख्यिकीचा शेवटचा धडा आता सुरू होईल. मुलांना गृहीतमध्य पद्धत येते, मध्यप्रमाण विचलन पद्धत येते, मध्यकाचे सूत्र पाठ असते. पण "मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन-तीन कशाला? एक पुरे नाही का?" असे विचारले की वर्ग गप्प. (मध्य म्हणजे बेरीज भागिले संख्या ही नेहमीची सरासरी, मध्यक म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, बहुलक म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा.) तसेच आयतालेख काढता येतो, पण समोरची माहिती आयतालेखाची आहे की साध्या स्तंभालेखाची, हे ठरवता येत नाही.

पुस्तकातली उदाहरणे वाईट नाहीत, पण ती मुलांची नाहीत. मला अशी माहिती हवी आहे जी मुलांच्या घरात रोज येते आणि जिच्यात मध्य एक सांगतो, बहुलक दुसरेच सांगतो आणि त्यावरून घरातला निर्णय बदलतो. माझे मत स्पष्ट आहे: नुसता "सरासरी अमुक" असा आकडा मुलांनी स्वीकारूच नये. कोणती सरासरी, किती जणांची, आणि आकडे किती पसरलेले, हे तीन प्रश्न तोंडातून आपोआप यायला हवेत. तुमच्या कामातली उदाहरणे द्या. शब्द शक्यतो पाठ्यपुस्तकातले वापरा, म्हणजे मुलांना जसेच्या तसे वाचून दाखवता येईल.

रांगडा

बाई, निफाडला बसून उदाहरण शोधताय? लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, कुठल्याही बाजार समितीचा रोजचा कांद्याचा भाव घ्या. तीन रकाने असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. हा तिसरा रकाना म्हणजे तुमचा बहुलक. ज्या भावाला सगळ्यात जास्त माल गेला तो. केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर हाच रकाना मोडल प्राइस या नावाने असतो.

एक काल्पनिक सकाळ देतो, पण आकड्यांची ठेवण अगदी खरी आहे. लिलावात नऊ वाहने उभी आहेत, भाव क्विंटलला रुपयांत:

५००, ९००, १४००, १४५०, १५००, १५५०, १५५०, १५५०, २१५०

पाचशेचे वाहन खादचे, म्हणजे खराब मालाचे, नऊशेचे गोल्टीचे, म्हणजे बारीक कांद्याचे. २१५० वाला माल एकसारखा, रंगाला चांगला, पत्ती, म्हणजे वरचे साल, टिकलेली, म्हणून व्यापाऱ्यांची चढाओढ लागली. आता मुलांना काढायला सांगा. मध्य येतो १३९४ आणि वर काही पैसे. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमातला पाचवा, १५००. बहुलक १५५०. विस्तार, म्हणजे कमाल वजा किमान, १६५०. आणि किमान-कमाल मिळवून भागिले दोन केले (आमच्याकडे पारावर हेच करतात) तर १३२५.

एकाच सकाळचे चार "सरासरी" भाव झाले! रातच्याला बातमी काय येते? "कांदा २१५० वर". ते एकच वाहन होते. ते वाचून दुसऱ्या दिवशी शेतकरी कांदा साठवलेली चाळ फोडतो, भाड्याची पिकअप करतो आणि बाजारात त्याला १५०० मिळाले की व्यापाऱ्याने लुटले म्हणतो. ज्याचा माल मध्यम प्रतीचा आहे त्याने बहुलक बघून निघावे. ज्याची गोल्टी आहे त्याने किमान बघावा. कमाल भाव बघून निघायचा हक्क फक्त तसा निवडलेला माल असणाऱ्याला आहे.

पाटपाणी

+१. आमच्या घरी वडील अजूनही कमालच बघतात आणि आई सर्वसाधारण. जेवताना वाद ठरलेला.

वजनकाटा

रांगडा दादांचे उदाहरण उत्तम आहे, त्यात एक भर. नऊ वाहने सारख्या वजनाची धरलीत. खादची पिकअप दहाबारा क्विंटलची असेल आणि १५५० ची ट्रॉली पंचवीसची. मग साधा मध्य काढून चालत नाही, भारित मध्य काढावा लागतो: प्रत्येक भाव गुणिले त्याचे वजन, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन.

मुलांना हे समजायला दुधाचे कार्ड सगळ्यात सोपे. समजा सकाळी ८ लिटर घातले, फॅट ३.६. संध्याकाळी ५ लिटर, फॅट ४.२. साधी सरासरी ३.९ येते. भारित केली तर (२८.८ + २१) भागिले १३, म्हणजे ३.८३. सकाळचे दूध जास्त, म्हणून उत्तर सकाळकडे झुकले. संकलन केंद्राच्या पावतीवरून दहा दिवसांचे बिल जुळवायला सांगा मुलांना, घरचेही खूश होतील. गृहीतमध्य पद्धतीत Σfd (वारंवारता गुणिले विचलन, त्यांची बेरीज) करताना मुले हेच करत असतात, फक्त त्यांना कोणी सांगितलेले नसते की वारंवारता म्हणजेच तो भार.

खडूफळा

रांगडा, वजनकाटा, दोघांचेही आभार. दुधाचे कार्ड उद्याच मागवते. शेवटचे वाक्य तर फळ्यावर लिहिणार आहे.

सरीवरसरी

माझा प्रांत पाऊस. मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरणे शक्य नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३ च्या आसपास. दोन्हींचा मध्य काढा: पाचशे आठ. हा पाचशे आठ मिलिमीटर पाऊस मुंबईत कुठल्या वेधशाळेत पडला? कुठेच नाही. कुलाब्याच्या माणसाला तो आकडा खोटा वाटेल आणि कलिन्याच्या माणसाला चेष्टा. दोनच प्राप्तांक आणि त्यांच्यात इतके अंतर असेल तर मध्य काढूच नये, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

राज्याच्या सरासरीचेही तेच. कोकणात हंगामात तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, मराठवाड्यात सातशेच्या आसपास. "राज्यात सरासरीइतका पाऊस" ही ओळ वाचून बीडच्या शेतकऱ्याने काय समजायचे? हवामान खाते निदान प्रत्येक विभागाची तुलना त्याच्या स्वतःच्या दीर्घकालीन सरासरीशी करते. १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त असेल तर सर्वसाधारण, २० ते ५९ टक्के कमी असेल तर अपुरा. नकाशावर रंगही त्याप्रमाणे. पण एकूण बेरीज सरासरीइतकी असूनही जुलैत तीन आठवडे खंड पडला आणि सप्टेंबरात चार दिवसांत सगळे भरून निघाले, तर सोयाबीन गेलेच ना. म्हणून पावसाला एकूण बेरजेचा आकडा दाखवू नका, रोजच्या पावसाचा स्तंभालेख दाखवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत १२२ काड्या. खंड डोळ्यांनी दिसतो, त्याला सूत्र लागत नाही.

गुणपत्रक

थोडा वेगळा सूर लावतो. मी दहावीचे क्लासेस घेतो. हे सगळे वाचायला छान आहे, पण परीक्षेत वर्गीकृत सारणी येणार आणि L + ((N/2 − cf)/f) × h लिहिणाऱ्याला गुण मिळणार. कांद्याचा भाव कोणी विचारणार नाही. धड्याला जेवढ्या तासिका आहेत त्यात सूत्र पक्के करून घ्यावे, बाकीचे पुढे आयुष्यात कळते.

पाटपाणी

@गुणपत्रक, आयुष्यात कळत असते तर आमच्याकडे जेवताना वाद झाला नसता.

खडूफळा

@गुणपत्रक सर, सूत्र घोटून घेणारच आहे, गुण मुलांच्या हक्काचे आहेत. पण cf म्हणून कोणती संचित वारंवारता घ्यायची, मध्यक वर्गाची की त्याच्या आधीच्या वर्गाची, इथेच सर्वाधिक मुले चुकतात. रांगेत मधला मुलगा शोधायचा आहे हे ज्याला कळले तो चुकत नाही. तो आधीच्या वर्गापर्यंतची मुले मोजून संपवतो आणि मग मध्यक वर्गात शिरतो. अर्थ कळला की सूत्र टिकते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

गुणपत्रक

हे मान्य. cf चा घोळ आमच्याकडेही दरवर्षी.

दंडघेर

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. आमच्या बिटात, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांत, प्रमाण विचलन (एसडी) हा शब्द कोणी वापरत नाही, पण "वजा तीन एसडी" हे प्रत्येक सेविकेला माहीत आहे. बालकाची उंची मोजायची, वजन करायचे, आणि त्या उंचीच्या निरोगी बालकांच्या मध्यकापासून हे बालक किती एसडी खाली आहे ते बघायचे. वजा दोनच्या खाली मॅम (मध्यम कुपोषित), वजा तीनच्या खाली सॅम (तीव्र कुपोषित). हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांवरून आलेले आहेत. वाढीच्या आलेखावर हिरवा, पिवळा, नारंगी पट्टा असतो तो अशाच एसडीच्या रेषांनी आखलेला, फक्त तिथे वयानुसार वजन बघतात. मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा.

आईला आम्ही काय सांगतो? एका महिन्याचा ठिपका बघू नका, ठिपके जोडून रेष कुठे चालली आहे ते बघा. हिरव्या पट्ट्यात असून रेष आडवी झाली असेल तर ते बाळ आमच्या लक्षात आधी यायला पाहिजे. पिवळ्यात असून रेष वर चढत असेल तर आम्ही आईचे कौतुक करतो.

बाईंच्या वर्गासाठी आणखी एक सांगते. एका अंगणवाडीच्या वजनांचा मी वारंवारता तक्ता केला. ताळ्याच्या खुणा मारत गेले तर १०, १०.५, ११, ११.५ यांच्यासमोर खुणांचे गठ्ठे आणि १०.२, १०.७, ११.३ समोर कोरे. बालके अशी अर्ध्या-अर्ध्या किलोवर थांबून वाढत नाहीत. काटा लटकता होता, बाळ हलत होते, म्हणून जवळचा अर्धा किलो लिहिला जात होता. सेविकेशी बोलले, बाळ शांत करून काटा स्थिर झाल्यावर वाचायचे ठरले, पुढच्या महिन्यात खुणा पसरल्या. सरासरी वजन आधीही ठीकच दिसत होते. चूक फक्त तक्त्यात दिसली.

सरीवरसरी

दंडघेर ताई, फार महत्त्वाचे लिहिलेत. जनगणनेत वयाचेही असेच होते. ३०, ३५, ४०, ४५ ला उंच सुळके, मधल्या वयांना खड्डे. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही ते गोल आकडा सांगतात. वयाचा आलेख बघूनच नोंदी किती भरवशाच्या आहेत हे कळते.

ओवीबद्ध

गणित सुटून फार वर्षे झाली आहेत, तरी धागा सोडवत नाही. प्रमाण विचलन कोणी दोन ओळींत सांगेल का?

वजनकाटा

@ओवीबद्ध, दोन गायी घ्या. पहिलीचे पाच दिवसांचे दूध: १०, १०, ११, ९, १० लिटर. दुसरीचे: ४, १६, १०, १३, ७. दोघींचा मध्य १०. आता प्रत्येक दिवस दहापासून किती लांब ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा, तिचे वर्गमूळ घ्या. पहिलीचे ०.६३ येते, दुसरीचे ४.२४. डेअरीला रोज ठराविक दूध द्यायचे कबूल केले असेल तर कोणती गाय घ्याल?

वर्ग कशासाठी, तर वजा आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून. दुसऱ्या गायीचे −६ आणि +६ मिळवले की शून्य, जणू काही झालेच नाही.

ओवीबद्ध

पहिली घेतली. समजले, धन्यवाद!

रांगडा

दुसरीला आधी डॉक्टरला दाखवा.

कोल्हापुरीसाज

मुलीच्या सीईटीच्या वेळी आमच्या घरात जे झाले ते सांगते, कारण हे शाळेतच शिकवायला हवे. तिला ८८ पर्सेंटाइल आले. आजी-आजोबांनी ८८ टक्के समजून पेढे आणले. शेजारच्यांनी विचारले, ८८ टक्के असून हवे ते कॉलेज का नाही? पर्सेंटाइल, म्हणजे शतमक, तुमच्या पेपरातले गुण सांगत नाही. त्या सत्रात परीक्षा दिलेल्या शंभरांतले किती जण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुणांवर आहेत, एवढेच सांगते. पेपर अवघड असेल तर निम्म्याहून कमी गुणांवरही वरचे शतमक मिळते. आणि लाखो मुले बसली असतील तर ८८ च्या वर असणारे बारा टक्के म्हणजेच हजारो मुले झाली. मध्यक म्हणजे पन्नासावे शतमक, हे एकदा वर्गात सांगा, मग पुढची पायरी आपोआप चढता येते.

खडूफळा

ताई, मध्यकावरून शतमकाकडे नेणारा हा रस्ता मला सुचला नव्हता. नक्की घेते.

रेघोट्या

आता आलेखांकडे वळू या का? मी एका दैनिकासाठी माहितीची चित्रे करते, त्यामुळे या विषयावर जीव तुटतो.

पहिली गोष्ट. स्तंभालेखात स्तंभांमध्ये मोकळी जागा, आयतालेखात स्तंभ चिकटलेले. हा सजावटीचा फरक नाही. कांदा, सोयाबीन, मका या वेगळ्या वस्तू आहेत. त्यांच्यामध्ये काही नाही, म्हणून जागा सोडायची, आणि क्रम बदलला तरी चालतो. उंची १४० ते १५० आणि १५० ते १६० यांच्यामध्ये मात्र फट नाही. एक संपते तिथे दुसरी सुरू होते, म्हणून स्तंभ चिकटतात आणि क्रम बदलता येत नाही. माहिती गुणात्मक की अखंड संख्यात्मक, हे आधी विचारले की आलेख आपोआप ठरतो.

दुसरी गोष्ट. स्तंभालेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे. ९६ आणि ९८ यांची तुलना ९५ पासून सुरू केली तर एक स्तंभ दुसऱ्याच्या तिप्पट दिसतो. आपल्या पाठ्यपुस्तकात अक्षसंकोच चिन्ह शिकवतात ते आडव्या अक्षासाठी ठीक आहे, कारण वर्ग ५० पासून सुरू होत असतील तर आधीची रिकामी जागा आखडून घ्यायला हरकत नाही. उभ्या अक्षावर स्तंभाची उंची हीच माहिती असते. ती कापली की माहितीच कापली. ही सवय मुलांना लावू नका.

तिसरी गोष्ट: वृत्तालेख. माझे मत, तो शाळेतून काढून टाकावा. डोळ्यांना कोनांची तुलना जमत नाही. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये रेषालेख आणि स्तंभालेख छापले, १८०१ मध्ये वृत्तालेखही त्यानेच आणला, आणि तेव्हापासून लोक चतकोर तुकड्यांकडे बघून अंदाज बांधत आहेत.

दंडघेर

रेघोट्या ताई, वृत्तालेखाबद्दल असहमत. ग्रामसभेत मी स्तंभालेख लावला तर लोक अक्ष वाचत नाहीत. वर्तुळ दाखवून "एवढा भाग घरपट्टीतून आला, एवढा अनुदानातून" म्हटले की मागे बसलेल्या बायकांनाही कळते. भाग आणि पूर्ण यांचे नाते वर्तुळात जसे दिसते तसे दुसरीकडे दिसत नाही. अट एकच, तुकडे तीन-चारच हवेत.

रेघोट्या

तीन-चार तुकडे आणि प्रत्येकावर टक्केवारी लिहिलेली, एवढे मान्य. आठ तुकडे आणि बाजूला रंगांची यादी असेल तर माझा विरोध कायम. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५८ मध्ये क्रिमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचा वर्तुळाकार आलेख छापला, तो मात्र मला नेहमी दाखवावासा वाटतो. जखमांनी मेलेल्यांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले किती जास्त होते, हे त्या पाकळ्यांवरून एका नजरेत कळते. सरकारी तक्त्यांत हेच आकडे आधीपासून होते.

बाईंसाठी आणखी एक. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे संच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत x चा मध्य ९, y चा ७.५, विचलनही जवळपास तेच. आलेख कागदावर काढले की एक सरळ रेषेसारखा, एक कमानीसारखा, एकात एकच ठिपका पार भटकलेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एकाच उभ्या ओळीत. वर्गाचे चार गट करून प्रत्येकाला एक संच द्या. आधी सगळ्यांना मध्य काढू द्या, मग आलेख.

कणीस

उशिरा आलो, सगळे वाचले. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. अजून समष्टी आणि नमुना यांबद्दल कोणी बोलले नाही आणि माझी सगळी नोकरी त्यातच गेली.

पीक कापणी प्रयोग ऐकून माहीत असेल. पूर्ण महसूल मंडळातली बाजरी म्हणजे समष्टी. सगळी कापून तोलणे शक्य नाही, म्हणून काही प्लॉट निवडायचे. गाव, गट नंबर, शेत हे रँडम आकड्यांच्या तक्त्यावरून. शेतात गेल्यावर नैऋत्य कोपऱ्यात उभे राहायचे, तिथून रँडम आकड्याइतकी पावले लांबीत, तितकी रुंदीत, आणि जिथे पाय पडेल तिथे खुंटी ठोकायची. दहा मीटर बाय पाच मीटर दोरी ताणायची, आतले सगळे कापायचे, मळायचे, तोलायचे. यावर पीकविम्याची भरपाई ठरते. उंबरठा उत्पन्न (ज्याच्या खाली गेले की भरपाई मिळते ते) काढताना मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेतात, त्यांचा मध्य, गुणिले जोखीमस्तर, म्हणजे विम्यात ठरलेली टक्केवारी.

पाय जिथे पडेल तिथे, हा सगळ्यात अवघड भाग. तिथे कणसे विरळ असली की शेतकरी म्हणतो, "साहेब, इथे नको, दगड आहे." विमा असला की तोच म्हणतो, "इथेच घ्या." गाव एका बाजूला ओढते, कंपनीचा माणूस दुसऱ्या. आपण खुंटी हलवली की नमुना गेला. मग शंभर प्लॉट घेतले तरी उपयोग नाही, शंभरदा तीच चूक होणार.

आणि दोरीवर आलेले रोप? बुंधा आत असेल तर आत, बाहेर असेल तर बाहेर. काठावरचे रोप आत ओढायचा मोह सगळ्यांना होतो. प्लॉट लहान असेल तर त्याच्या मानाने काठ मोठा, म्हणून उत्पन्न फुगून दिसते. १९४० च्या दशकात हे शेतावर प्रयोग करून दाखवणारे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा. तिकडे बंगालात प्रशांतचंद्र महालनोबीस छोटे प्लॉट घेत होते आणि दोघांचा यावर मोठा वाद झाला. महालनोबीसांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली, २९ जून हा त्यांचा जन्मदिवस सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. सुखात्मे पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत गेले. शाळेत सांख्यिकी दिनाला या दोघांची नावे एकत्र घ्यावीत अशी माझी इच्छा आहे.

कोल्हापुरीसाज

काका, वाचताना अंगावर काटा आला. आमच्या सोसायटीत पाण्याच्या वेळेबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर मतदान घेतात आणि "सगळ्यांचे मत" म्हणून लावतात. उत्तर देणारे फक्त सकाळी नऊला फोन हातात असणारे. कामवाल्या बायका, म्हातारे, रात्रपाळीवाले त्यात नाहीतच.

कणीस

बरोबर ओळखलेत. नमुना किती मोठा, याच्या आधी तो कोणी आणि कसा निवडला, हे विचारायचे.

पाटपाणी

अवांतर: आमच्या ग्रुपवर एकाने सगळ्यांच्या पिनकोडची सरासरी काढून "आपले केंद्र" शोधले होते. ते अरबी समुद्रात निघेल म्हणून आम्ही नकाशा उघडला नाही.

वजनकाटा

अवांतर असले तरी प्रश्नपत्रिकेत टाकण्याजोगे. पिनकोड, हजेरी क्रमांक, खेळाडूच्या पाठीवरचा नंबर, यांना मध्य नसतो. बहुलक मात्र काढता येतो: कोणत्या पिनकोडचे सगळ्यात जास्त सभासद आहेत.

खडूफळा

मंडळी, धडा सुरू झाला. इथली बरीच उदाहरणे वर्गात गेली आणि मुलांनी स्वतःची प्राथमिक सामग्री गोळा केली: घर ते शाळा अंतर, किलोमीटरमध्ये. सारणी अशी, असमाविष्ट पद्धतीने, म्हणजे बरोबर २ किमी वाला २–३ मध्ये:

०–१: ९ मुले
१–२: १४
२–३: ८
३–५: १२
५–१०: १०

एकूण ५३. वर्गमध्य धरून मध्य ३.१८ किमी आला आणि मध्यक २.४४. मुलांनी स्वतःच विचारले, एवढा फरक का? लांबच्या वस्त्यांवरची मुले मध्याला ओढतात आणि मध्यक तिथेच राहतो, हे एका मुलीने फळ्यापाशी येऊन सांगितले. मला आणखी काही शिकवावे लागले नाही.

अडचण आयतालेखाची. वर्ग सारखे नाहीत. १२ आणि १० उंचीचे रुंद स्तंभ काढले तर बहुतेक वर्ग लांबूनच येतो असे चित्र दिसते. रेघोट्या ताई?

रेघोट्या

उंची बदला. आयतालेखात क्षेत्रफळ बोलते. वारंवारता भागिले वर्गाची रुंदी, ती उंची. पहिले तीन स्तंभ ९, १४, ८ असेच राहतील. ३–५ ची उंची १२ भागिले २, म्हणजे ६. ५–१० ची १० भागिले ५, म्हणजे २. उभ्या अक्षावर "मुले प्रति किमी" लिहा. शेवटचा स्तंभ बुटका आणि लांब दिसेल आणि उजवीकडे शेपूट निघालेले दिसेल. मध्य आणि मध्यक यांच्यातला फरक म्हणजे तेच शेपूट.

गुणपत्रक

दहावीच्या परीक्षेत वर्ग सारखेच देतात, त्यामुळे असमान रुंदीवर जास्त वेळ घालवू नका. पण ही सारणी मलाही वर्गात वापरायची आहे, चालेल ना?

खडूफळा

सर, आनंदाने वापरा. ताई, ६ आणि २ करून घेतले, चित्र लगेच सुधारले.

दंडघेर

बाई, त्या ५–१० मधल्या दहा मुलांत मुली किती? मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटल्यावर गाडी किती वाजता आहे हेही सारणीत घ्या. तो रकाना जोडून कागद ग्रामसभेत आणि आगारात दोन्हीकडे देता येईल.

खडूफळा

दहात सात मुली आहेत. गाडीची वेळ उद्या विचारून घेते आणि वस्तीनिहाय जोडस्तंभालेख मुलांकडूनच काढून घेते.